फ्रेंच पडद्यामागचं शेणपाणी

1686 सालच्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातून एक हुकूम सुटला. फुलापानांची नक्षी छापलेलं किंवा रंगवलेलं सुती कापड यापुढे देशात आणायचं नाही, बनवायचं नाही, आणि कारागिरांपाशी असलेले लाकडी ठसे फोडून टाकायचे. ही बंदी 1759 पर्यंत, म्हणजे तब्बल 73 वर्षं चालली. मधल्या काळात चौदावा लुई गेला, त्याचा पणतू गादीवर आला, पण फुलांच्या चिटावरचा सरकारी राग काही उतरला नाही. चोरून माल आणणाऱ्यांना वल्ही मारायला गलबतांवर धाडलं गेलं. भररस्त्यात बायकांच्या अंगावरचे झगे फाडल्याच्या नोंदी आहेत. आणि तिकडे राजाची मर्जी असलेली मादाम द पोंपादूर आपल्या बेलव्ह्यूच्या महालात खुशाल तेच कापड सजावटीला वापरत होती. कायदा कोणासाठी असतो आणि कोणासाठी नसतो, याबाबतीत तिकडचं आणि इकडचं अगदी सारखंच.

कापड होतं आपल्याकडचं. कोरोमंडल किनाऱ्यावर मछलीपट्टणमच्या, पुद्दुचेरीच्या आसपास कलमाने रंगवलेलं, किंवा गुजरातेत ठशांनी छापलेलं. आपल्या आज्या-पणज्या ज्याला चीट म्हणायच्या आणि परकराला, दुलईच्या खोळीला वापरायच्या, त्याच घराण्यातलं. फ्रेंच लोक त्याला ‘अँदिएन’ म्हणत. 1664 मध्ये कोल्बेर या मंत्र्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि हा माल मुबलक यायला लागला. तोवर युरोपातल्या बाईपुढे पर्याय काय होते? लोकर जड, रेशीम महाग, आणि दोन्ही धुवायची पंचाईत. लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, धुता यायचं, पण त्यावर छापलेली नक्षी पाण्याबरोबर वाहून जायची. अशा घरात एक हलकं, स्वस्त, रंगीत कापड आलं, आणि ते धुतल्यावरही रंगीतच राहिलं. रेशीमवाले आणि लोकरवाले हादरले नसते तरच नवल. बंदी त्यांच्या आरडाओरड्यामुळे आली.

मी पडदे शिवते. पुण्यात माझं छोटं काम आहे: पडदे, खुर्च्यांची कव्हरं, उशांचे अभ्रे, दिवाणाच्या गाद्या. गेली काही वर्षं ‘फ्रेंच लूक’ची मागणी चांगलीच वाढली आहे. बायका फोनवर फोटो दाखवतात. दुधी रंगाच्या कापडावर एकाच रंगात, निळ्या नाहीतर विटकरी, काढलेली चित्रं: मेंढ्या राखणारी मुलगी, झाडाला टांगलेला झोका, पडकी कमान, बासरी वाजवणारा पोरगा, कुत्रं. या कापडाला ‘त्वाल द झुई’ म्हणतात, झुई गावचं कापड. “अगदी फ्रेंच वाटतं ना?” असं विचारलं जातं, आणि मी हो म्हणते, कारण ते आहेच फ्रेंच. ते तसं कसं झालं, ही गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगण्याइतकी छोटी नाही.

बंदीच्या काळात त्या राज्याला सगळीकडून गळती लागली होती. आविन्यों शहर पोपच्या मालकीचं, म्हणून तिथे सुरुवातीची अनेक वर्षं छपाई राजरोस चाले. आल्सासमधलं म्युलुझ 1798 पर्यंत स्वतंत्र नगर होतं; तिथे 1746 मध्ये छपाईचा पहिला कारखाना निघाला आणि पुढे ते कापडछपाईचं मोठं केंद्र झालं. कंपनीला परदेशी विकण्यासाठी चीट आणायला परवानगी होती, त्यातलं किती खरोखर परदेशी गेलं हे देवच जाणे. शिवाय बंदीच्या आदल्याच वर्षी, 1685 मध्ये, राजाने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. त्यांच्यातले कारागीर स्वित्झर्लंडला, जर्मन संस्थानांत निघून गेले आणि कसब सोबत घेऊन गेले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो बोल्यू नावाचा नौदल अधिकारी. 1734 च्या सुमारास तो पुद्दुचेरीला होता. मायदेशी छपाईला बंदी, पण पक्क्या रंगाचं गुपित काय हे कळून घ्यायची तिथल्या विद्वानांना घाई. द्यु फे नावाच्या रसायनशास्त्रज्ञासाठी बोल्यूने एक साधी, हुशार गोष्ट केली. चितारी कामाला बसले असताना तो शेजारी बसला आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याच कापडाचा एक तुकडा कापून ठेवला. असे 11 तुकडे, आणि जोडीला काय काय केलं याची टिपणं. हे हस्तलिखित पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे आहे. आजच्या भाषेत याला औद्योगिक हेरगिरी म्हणता येईल. पण शिवणकाम करणारीच्या नजरेने बघितलं तर असा नमुन्यांचा संच कोणी आपल्याला दिला तर आपण डोक्यावर घेऊन नाचू.

त्या तुकड्यांवर काय घडलं ते सावकाश सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. कोऱ्या कापडाला आधी हिरड्याचं पाणी आणि म्हशीचं दूध. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटून बसतं आणि पुढे येणाऱ्या लोखंडाला, तुरटीला धरून ठेवतं. दुधातल्या स्निग्धामुळे कलमाने ओढलेली रेघ पसरत नाही. मग कापड वाळवायचं आणि कुटून कुटून गुळगुळीत करायचं. भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड दाबून नक्षी उतरवायची, रांगोळीचा छापा मारतो तशी. काळ्या रेघांसाठी लोखंड आंबवून केलेलं पाणी. लाल जिथे हवा तिथे तुरटीचं पाणी. आणि त्याला स्वतःचा रंग नसल्यामुळे आपण कुठे काढतोय हे दिसावं म्हणून त्यात थोडा कच्चा रंग मिसळायचा. म्हणजे चितारी जे काढत असतो ते चित्र अजून कापडावर नसतंच.

ते येतं पुढच्या पायरीला. सगळं कापड ‘चाय’ नावाच्या एका रानझुडपाच्या मुळ्यांसोबत उकळायचं (प्यायच्या चहाशी याचा काही संबंध नाही). कापड बाहेर येतं ते सगळंच लालसर, मळकट. मग शेणाच्या पाण्यात भिजवायचं, धुवायचं, उन्हात पसरून वरून पाणी शिंपडत राहायचं. दिवस जातात तसा नको तिथला रंग उडतो, आणि जिथे तुरटी होती तिथला लाल तेवढा टिकतो. निळ्याची तऱ्हा उलटी. जिथे निळं नको तो सगळा भाग मेणाने झाकायचा, कापड निळीच्या रांजणात बुडवायचं, मग गरम पाण्याने मेण काढायचं. पिवळा शेवटी हाताने. निळ्यावर पिवळा चढला की हिरवी पानं. बोल्यूच्या टप्प्यांत धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं इतक्या वेळा येतं की चितारीपेक्षा धोब्याचं काम जास्त वाटावं.

1742 मध्ये कर्दू नावाच्या एका जेझुइट पाद्र्यानेही याच किनाऱ्यावरून असंच एक तपशीलवार पत्र पाठवलं. ख्रिस्ती झालेल्या तिथल्या रंगाऱ्यांकडून त्याने माहिती काढून घेतली होती. बोल्यूच्या किंवा कर्दूच्या लिखाणातून ज्यांच्या हातांची कृती आपण वाचतो त्या माणसांची नावं मला तरी कुठे वाचायला मिळाली नाहीत. हिरडा तर आपल्या दारचा. जुन्नर-भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी कुटुंबं आजही रानातून बाळहिरडा गोळा करतात. आपल्याला तो पोट साफ करायला माहीत. त्याने युरोपच्या बाजारपेठेची झोप उडवली होती हे त्याच्या डबीवर लिहिलेलं नसतं.

हे वाचून ‘बघा, सगळं आपल्याकडूनच चोरलं’ असं म्हणायचा मोह होतो. व्हॉट्सॲपवर तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो अर्धवट अभिमान वाटतो. कृती मिळाली म्हणजे कापड होत नाही. तिकडे चाय नव्हती. तिच्या जागी त्यांनी मंजिष्ठेची युरोपीय बहीण, मॅडर, वापरली. कलमाने रंगवायला माणसाचे महिने जातात, म्हणून त्यांनी ठसे धरले. ठशाला पातळ पाणी चालत नाही, म्हणून तुरटी आणि लोखंडाच्या पाण्यात डिंक नाहीतर खळ घालून ते दाट केलं. हिरडा आणि म्हशीचं दूध गळालं. शेण मात्र राहिलं! फ्रान्समधल्या कारखान्यांतही छापलेलं कापड शेणाच्या पाण्यातून काढत, आणि पुढे बराच काळ काढत राहिले. पॅरिसच्या दिवाणखान्यातल्या त्या नाजूक गुलाबांनी आधी गोठ्यातून फेरी मारलेली असे.

1758 मध्ये अबे (म्हणजे पाद्री) मोरले यांनी बंदी उठवावी म्हणून जोरदार पुस्तिका लिहिली, आणि पुढच्या वर्षी ती उठली. त्याच सुमारास क्रिस्तोफ-फिलिप ओबेरकाम्फ हा विशीतला पोरगा पॅरिसला आला होता. जन्माने जर्मन, धर्माने प्रोटेस्टंट, घराणं रंगाऱ्यांचं. म्हणजे राजामुळे ज्यांनी देश सोडला त्यांच्यासारखाच प्रोटेस्टंट आणि कारागीर. व्हर्सायजवळ झुई-आँ-झोझास या खेड्यात ब्येव्र नावाची लहानशी नदी वाहते. पाणी रंगाला चांगलं, काठाला कापड पसरायला सपाट कुरणं, आणि राजवाडा हाकेच्या अंतरावर. 1 मे 1760 ला त्याने तिथे पहिलं कापड छापलं. पुढे 1783 मध्ये त्याच्या कारखान्याला ‘शाही’ हा किताब मिळाला, 1806 मध्ये नेपोलियनने कारखान्यात येऊन त्याला ‘लेजियाँ दॉनर’ हा मोठा सन्मान दिला. पॅरिसमध्ये आज त्याच्या नावाचा रस्ता आहे, मेट्रोचं स्टेशन आहे. किती तरी वर्षं तो ज्या पांढऱ्या कोऱ्या कापडावर छापत होता तेसुद्धा हिंदुस्थानातून आलेलं असे, बंदरांवरच्या लिलावात घेतलेलं. नक्षी तिकडची आणि मांजरपाट आपला.

ती मेंढ्यावाली पोरगी आली ती तांब्याच्या पत्र्यामुळे. लाकडी ठशाने मोठं चित्र, बारीक छाया जमत नाही. 1770 च्या सुमारास झुईत कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी छपाई सुरू झाली. पुस्तकातल्या चित्रासारखी केसाएवढी रेघ कापडावर उतरायला लागली, पण एकाच रंगात. आज आपण ज्याला संयमी फ्रेंच अभिरुची म्हणून डोळे मिटून दाद देतो, तो एकरंगीपणा मुळात यंत्राची मर्यादा होती. मोठ्या पत्र्यांनी एकावर एक दोन रंग अचूक बसवणं फार कटकटीचं. मर्यादेलाच ऐट मिळवून देणं, हे मात्र खरं फ्रेंच कसब. आणि झुईचा बहुतांश माल ही चित्रं नव्हतीच. तो होता ठशांनी छापलेल्या रंगीत फुलांचा, थेट आपल्या चिटांच्या वळणाचा. तो आज कोणी ‘झुई’ म्हणून मागत नाही.

1783 मध्ये झां-बातिस्त युए या चित्रकाराने झुईसाठी एक नक्षी केली, तिचं नाव ‘कारखान्यातली कामं’. पॅरिसहून लोकलने झुईच्या संग्रहालयात जाता येतं. तिथे मी त्या कापडासमोर बराच वेळ उभी होते, इतका की तिथली पहारेकरीण माझ्याजवळ येऊन थांबली. लांबून बघितलं तर नेहमीचीच झाडं, टेकाडं, गावकरी. जवळ गेल्यावर कळतं की ते गावकरी रिकामटेकडे नाहीत. कोणी नदीत कापड धुतोय, कोणी ते कुटतोय, कोणी कुरणावर लांबच लांब पट्टे पसरतोय. एक जण ठसा ठेवून वरून हातोडी मारतोय. बायका कुंचल्याने रंग भरतायत. निळा रंग असा हाताने भरणाऱ्या बायकांचा तिथे वेगळा ताफाच असे. कापडावर कापडाचीच जन्मकथा. मला तर तो बोल्यूच्या 11 तुकड्यांचा धाकटा भाऊच वाटला, फक्त सजून आलेला. त्या कापडाच्या ताग्याच्या टोकाला कारखान्याचं नाव आणि ‘पक्का रंग’ अशी हमी छापलेली असे. आपल्या ताग्याच्या टोकाला गिरणीचा शिक्का असतो, त्याच जागी.

1815 मध्ये नेपोलियन हरला, परदेशी फौजा आल्या, कारखाना थांबला आणि त्याच वर्षी ओबेरकाम्फ वारला. 1843 मध्ये झुईचा कारखाना कायमचा बंद पडला. झुईच्या नावाची नक्षी तेव्हापासून जगभर कोणीही छापतं.

एक गोष्ट सजावटीच्या मासिकांत कधी येत नाही. नांत बंदराच्या काठी अशाच छापील कापडाचे कारखाने होते, आणि त्यांचा मोठा ग्राहक होता गुलामांचा व्यापार. जहाजं पश्चिम आफ्रिकेला जात ती चीट घेऊन, आणि त्याच्या बदल्यात माणसं भरून पुढे अमेरिकेच्या बेटांकडे. नंतर एकोणिसाव्या शतकात पुद्दुचेरीत रंगवलेलं निळं कापड सेनेगलमध्ये चलनासारखं चाले. झोक्यावरची मुलगी निरागस आहे. कापडाचा धंदा तसा नव्हता. मी ते कापड शिवायचं थांबवलेलं नाही, पण ‘किती गोड जुना काळ’ असं कोणी म्हटलं की माझी कात्री जरा जोरात चालते.

दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये हीच चीट वेगळ्या वाटेने रुळली. मार्सेय बंदरातून आली आणि शेतकऱ्यांच्या घरी राहिली. पिवळ्याधमक, लाल, निळ्या कापडावर बारीक फुलं आणि आपली ओळखीची कोयरी. तारास्कोंमध्ये जुने लाकडी ठसे जपून त्यांवरून आजही नक्ष्या काढल्या जातात. हे कापड मला झुईपेक्षा जवळचं वाटतं, कारण ते जेवणाच्या टेबलावर अंथरतात. शुक्रवारच्या आयोलीला, खलबत्त्यात लसूण वाटून त्यात थेंब थेंब ऑलिव्हचं तेल घोटून केलेल्या त्या पिवळ्या गोळ्यासोबत, उकडलेले बटाटे, गाजरं, अंडी आणि खारवलेला कॉड मासा ताटात येतो. मंडळी बोलतात, हातवारे करतात, तेल सांडतं. कोणी ओरडत नाही. टेबलक्लॉथ सांडण्यासाठीच आहे. संध्याकाळी तो धुण्यात जातो आणि उद्या परत येतो. फ्रेंच घरातलं रोजचं देखणेपण म्हणून आपण ज्याचे फोटो जमवतो त्याच्या मुळाशी ही एवढीच सोय आहे: रंग जात नाही, म्हणून चांगलं कापड रोज काढता येतं. आपण मात्र तेच कापड आणतो आणि वर प्लास्टिक अंथरतो.

1947 मध्ये क्रिस्तियां दिऑर या फॅशनकाराने पॅरिसमध्ये दुकान थाटलं तेव्हा त्याच्या भिंतींना झुईचं कापड लावलं होतं. त्याच दिऑरच्या कंपनीने 30 मार्च 2023 ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला, कमानीपुढे भरतकामाचं भलंमोठं तोरण बांधून. ते तोरण मुंबईतल्या चाणक्य कार्यशाळेतल्या कारागिरांनी भरलं होतं. पॅरिसच्या बड्या घराण्यांचं भरतकाम वर्षानुवर्षं मुंबईत होतं हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा एवढ्या दिव्यांच्या उजेडात आलं. बोल्यूच्या टिपणांच्या मानाने बरीच सुधारणा म्हणायची.

आता कामाचं. झुई घ्यायचं तर एक लक्षात ठेवा, या नक्षीचा आवर्त, म्हणजे तेच चित्र पुन्हा येईपर्यंतचं अंतर, मोठा असतो. प्रत्येक भागात झोका झोक्याशेजारी आणि कमान कमानीशेजारी यायला हवी, म्हणून जोड जुळवताना कापड वाया जातं. साध्या पडद्याच्या हिशेबाने मागवलं तर हमखास कमी पडतं. चुण्या दाट घातल्या की चित्र मिटून जातं, तेव्हा घेर कमी ठेवा. फ्रेंच लोक पूर्वी भिंती, पलंग, खुर्ची, पडदे सगळं एकाच नक्षीत मढवत. दहा बाय बाराच्या खोलीत असं केलं तर मेंढरांच्या कळपात झोपल्यासारखं होईल. एक खिडकी किंवा एक खुर्ची पुरे. पश्चिमेच्या खिडकीला मागे अस्तर हवंच, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पडदा विटतो.

माझ्या वहिनीने गेल्या वर्षी तिच्या ठाण्याच्या फ्लॅटसाठी अशीच नक्षी निवडली. मी तिला उत्साहाने बोल्यू, ओबेरकाम्फ, पोंपादूर सगळं ऐकवलं. तिने भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सगळं छान आहे गं, पण मशीनला लावता येईल ना? रंग जाणार नाही ना?”

साडेतीनशेहून अधिक वर्षांत या कापडाबद्दल विचारलेला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न. मी म्हटलं, “वहिनी, आधी एक चिंधी पाण्यात टाकून बघू. शिवायच्या आधी सगळं कापड पाण्यातून काढू, म्हणजे नंतर आटायला नको.” चिंधी रात्रभर बादलीत राहिली. सकाळी पाणी हलकं लालसर झालं होतं. आम्ही तागा परत केला आणि दुसऱ्या दुकानात गेलो.